केबिनमधली शाळा : भारतीय ट्रकचालक कसा घडला?

१.
जून २०१९. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक निर्णय जाहीर केला. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची जी अट होती, ती काढून टाकण्यात येणार होती. निमित्त हरियाणातील मेवात भागाचे होते. तिथल्या अनेक कुटुंबांचे पोट गाडी चालवण्यावर आहे, हातात कसब आहे, पण शाळेचा दाखला नाही, असे गाऱ्हाणे त्या राज्याच्या सरकारने मांडले होते. त्याच निवेदनात मंत्रालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : वाहतुकीच्या क्षेत्रात देशाला २२ लाखांहून अधिक चालकांची उणीव भासते आहे.

२.
ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की एक कोडे उभे राहते. ज्या देशात रोजगारासाठी तरुणांच्या रांगा लागतात, तिथे एका सर्वपरिचित व्यवसायात लाखो जागा भरायला माणसे मिळत नाहीत, हे कसे? आठवीची अट हे त्याचे एक कारण असेलही. पण मूळ अधिक खोल आहे. भारतात ट्रकचालक घडवणारी एक शाळा होती. तिला इमारत नव्हती, पाटी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. ती ट्रकच्या केबिनमध्ये भरत असे. ती शाळा कशी उभी राहिली, कायद्याने तिच्याकडे पाठ का फिरवली आणि ती बंद पडू लागली तेव्हा काय गमावले गेले, याचा हा इतिहास.

३.
सुरुवात परवान्यापासून. मोटार भारतात आली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती आणि तिचा चालक हा घरचा नोकर. घोड्यांचा लगाम धरणारे हात स्टिअरिंगकडे वळले, काही यंत्रांची जाण असलेले कारागीर या कामात शिरले. सरकारला चिंता होती ती रस्त्यावरच्या धोक्याची. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने देशभरासाठी नोंदणी आणि परवान्याची चौकट घातली. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवण्यास मनाई केली. चालवता येते की नाही, हे तपासण्याची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतली. चालवायला शिकवायचे कोणी, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याच्यावर सोडला. पुढील शतकभर हीच विभागणी टिकून राहिली.

४.
रस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले ते १९२७ साली. त्या वर्षी भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे आले. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते ही केवळ स्थानिक बाब नसून राष्ट्रीय गरज आहे, हा विचार या समितीने रुजवला. पेट्रोलवरील अधिभारातून रस्त्यांसाठी केंद्रीय निधी उभा राहिला. १९३४ मध्ये अभियंत्यांची ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ स्थापन झाली. रस्ता बांधणाऱ्यांना निधी आणि परिषद मिळाली. त्या रस्त्यावरून माल नेणाऱ्याच्या शिक्षणासाठी असे काही उभे राहिले नाही.

५.
१९३९ चा मोटार वाहन कायदा अधिक तपशीलवार होता. परवाने, मार्ग, विमा आणि गुन्हे यांच्या जोडीला त्यात चालकाच्या श्रमाचीही दखल होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, शिवाय दिवसाच्या व आठवड्याच्या कामाच्या तासांवर कमाल मर्यादा, असा नियम कागदावर आला. नियम चांगलाच होता. पण रात्रीच्या दोन वाजता घाटातून जाणाऱ्या ट्रकमध्ये तो कोण मोजणार? मालाचा मालक पोहोचण्याची वेळ मोजत होता, ट्रकचा मालक फेऱ्या मोजत होता. तास मोजणारे यंत्र आणि माणूस, दोन्ही त्या केबिनमध्ये नव्हते.

६.
भारतात फार मोठ्या संख्येने माणसांना पद्धतशीरपणे ट्रक चालवायला शिकवले ते युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत रसद पोहोचवायची तर खेचरांच्या बरोबरीने मोटारी लागणार होत्या. ज्यांनी गावात मोटार क्वचितच पाहिली होती, अशा शेतकऱ्यांच्या मुलांना सैन्याने चालक बनवले. तिथे चालवणे आणि गाडी राखणे हे एकच काम मानले जाई. रोज तेल-पाणी पाहणे, टायर तपासणे, ताफ्यात अंतर राखणे, बिघाड वेळीच ओळखणे, हे सारे शिक्षणाचा भाग होते. राज्यसंस्थेला मनापासून गरज भासली तेव्हा तिला ट्रकचालक शिकवता आले, हे इथे नोंदवून ठेवावे.

७.
युद्ध संपले. सैन्याची कपात झाली. वापरून झालेले लष्करी ट्रक विक्रीला निघाले आणि चालवण्याचे शिक्षण घेतलेली अनेक माणसे गावी परतली. पाठोपाठ फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून उखडून आलेल्या अनेक कुटुंबांना जमीन मागे टाकावी लागली होती. ट्रक ही जमिनीवाचून उभी राहणारी उपजीविका होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता अशा शहरांत त्यांनी वाहतुकीच्या धंद्यात पाय रोवले. ट्रकही आता देशात तयार होऊ लागले होते. वालचंद हिराचंद यांच्या ‘प्रीमियर’चा कुर्ल्याचा कारखाना डॉज आणि फार्गो ट्रक जोडत होता, १९५४ मध्ये ‘टेल्को’ने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला आरंभ केला.

८.
याच काळात एक दुभाजक उभा राहिला आणि पुढच्या साऱ्या गोष्टी त्याने ठरवल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, ही नावे आजही सांगितली जातात. प्रवासी वाहतूक सरकारने आपल्या हाती घेतली आणि १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने राज्योराज्यी तिला बळ दिले. मालवाहतूक मात्र प्रामुख्याने खासगी हातांतच राहिली.

९.
परिणाम असा झाला की एकाच रस्त्यावर, जवळपास एकाच प्रकारच्या गाडीत, दोन वेगळे व्यवसाय जन्माला आले. एसटीच्या चालकाला भरतीची जाहिरात होती, चाचणी होती, महामंडळाचे प्रशिक्षण होते, खाकी गणवेश, ठरलेली ड्युटी, बढतीची वाट आणि मागे संघटना होती. ट्रकच्या चालकाला यांपैकी काहीच नव्हते. १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था स्थापन झाली. तिच्यामागे केंद्र सरकार आणि राज्यांचे परिवहन उपक्रम होते. साहजिकच तिचे लक्षही प्रथम बसकडे राहिले. माणसे वाहणारा चालक हा कर्मचारी ठरला. धान्य, सिमेंट आणि कांदा वाहणारा चालक मालकाचा माणूस राहिला.

१०.
खासगी मालवाहतूक म्हणजे मोठ्या कंपन्या, असे चित्र मनात येत असेल तर ते पुसावे लागेल. १९५९ मध्ये मिनू मसानी यांच्या समितीने रस्ते वाहतुकीच्या पुनर्रचनेवर अहवाल दिला, तेव्हाही या धंद्यावर एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकांचेच वर्चस्व होते. अनेकदा मालक स्वतःच चालक असे. अशा मालकाला प्रशिक्षण केंद्र काढणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही वाटत नव्हती, कारण त्याच्या केबिनमध्ये डाव्या बाजूला शाळेचा विद्यार्थी आधीच बसलेला असे. त्याचे नाव क्लीनर.

११.
या शाळेतल्या नात्याचे स्वरूप शब्दांतूनच कळते. चालकाला क्लीनर ‘उस्ताद’ म्हणत असे. तालीम आणि गाण्याची बैठक जिथून हा शब्द उचलतात, तिथूनच ट्रकनेही तो उचलला. उस्तादाने शिकवायचे ते पाठ म्हणून नव्हे. शागिर्दाने सेवा करता करता उचलायचे. पगार नाममात्र, कधी केवळ दोन वेळचे जेवण आणि कपडे. बारा-चौदा वर्षांचा पोरगा गावातल्या ओळखीने, बहुधा मामा-काकाच्या शब्दावर, गाडीवर चढे. स्टिअरिंगला हात लावायला मिळेपर्यंत काही वर्षे सहज निघून जात.

१२.
त्या वर्षांत तो काय शिके? पहाटे काच आणि दिवे पुसणे. लोखंडी पहार प्रत्येक चाकावर आपटून आवाजावरून हवा ओळखणे. माल भरताना वजन कुठे बसते ते पाहणे. ताडपत्री अशी ओढणे की पावसाचे पाणी साचू नये आणि वाऱ्याने ती फडफडू नये. रस्शाची गाठ अशी मारणे की धक्क्याने सुटू नये, पण सोडताना एका झटक्यात सुटावी. चढावर गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावणे. जॅक, ग्रीस, पट्टा, पाटे. बिल्टी सांभाळणे, नाक्यावर कोणता कागद पुढे करायचा हे ओळखणे, आणि थांब्यावर स्टोव्ह पेटवून दोघांचे जेवण रांधणे.

१३.
मग घाट. सपाटीवर गाडी कोणीही चालवतो, चालक घाटात कळतो, अशी या व्यवसायातली समजूत आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा या शाळेतला पहिला धडा. त्यामागे शुद्ध यांत्रिकी आहे. भरलेला ट्रक केवळ ब्रेकवर उतरवला तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. बोरघाट, कसारा, खंबाटकी, कन्नड, प्रत्येक घाटाची वळणे वेगळी आणि प्रत्येक वळणावर गिअर बदलण्याची जागा वेगळी. हे नकाशे कुठे छापलेले नव्हते. ते उस्तादाच्या हातापायांत होते आणि डाव्या बाजूला बसलेला पोरगा ते वर्षानुवर्षे पाहत होता.

१४.
क्लीनर हा विद्यार्थी होता तसाच तो गाडीचा एक अवयवही होता. भारतात चालक उजवीकडे बसतो; लांबरुंद ट्रकची डावी बाजू त्याला पुरती दिसत नाही. तिथून दुचाकी येते, सायकल येते, माणूस येतो. त्या बाजूचा डोळा म्हणजे क्लीनर. दारावर थाप मारून ‘चलो’ आणि ‘रोको’ सांगणे, अरुंद गल्लीत मागे चालत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत गाडी घेणे, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे, ही त्याची कामे होती. आज ज्यासाठी कॅमेरा आणि इशारा देणारी यंत्रे बसवतात, ते काम एक पोरगा करीत होता.

१५.
आता १९६१ हे वर्ष. त्या एका वर्षात संसदेने दोन कायदे केले. पहिला मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुटी, विश्रांतिगृहे, गणवेश आणि बालकांना कामावर ठेवण्यास मनाई. दुसरा शिकाऊ उमेदवार कायदा. कारखान्यात काम करता करता शिकणाऱ्याला करार, मुदत, विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा. एक कायदा वाहतुकीच्या कामगारासाठी, दुसरा शिकणाऱ्या कामगारासाठी. क्लीनर हा दोन्ही होता. तरी तो दोहोंच्या मधल्या फटीत पडला.

१६.
पडला तो असा. पहिला कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एका ट्रकवर एक चालक आणि एक क्लीनर; मालकाकडे दोन ट्रक असले तरी माणसे चारच. म्हणजे ज्या छोट्या मालकांच्या खांद्यावर मालवाहतूक उभी होती, त्यांतले असंख्य कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. दुसऱ्या कायद्याच्या डोळ्यांपुढे कारखाना आणि कार्यशाळा होती. धावणारी केबिन नव्हती. मोटार दुरुस्त करणाऱ्याला आयटीआयचे प्रमाणपत्र मिळू शकत होते. तीच मोटार पाच वर्षे राखून, दुरुस्त करून, शिवाय चालवायला शिकलेल्या पोराच्या हाती मात्र कागदाचा तुकडाही येत नव्हता.

१७.
तरीही ही शाळा चालली, कारण तिच्या शेवटी एक शिडी होती. क्लीनरचा चालक होई. चालक काही वर्षे भत्त्यातून आणि खुराकीतून पैसे वाचवी आणि जुना ट्रक घेई. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची पद्धत आली आणि लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचे क्षेत्र रुंदावले. बँका अशा माणसाला दारात उभे करीत नसत. तारण ठेवायला त्याच्याकडे काही नसे. ही पोकळी ओळखूनच १९७९ मध्ये चेन्नईत ‘श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स’ सुरू झाली. जुन्या ट्रकसाठी कर्ज आणि कर्जदार बहुधा चालकाचा मालक होऊ पाहणारा माणूस, हा तिचा धंदा होता. तमिळनाडूतील नामक्कलसारखी गावे ट्रकच्या बांधणीसाठी आणि मालकीसाठी देशभर ओळखली जाऊ लागली. शाळेचा दाखला नसलेल्या तरुणाला मालक होण्याची संधी देणारे व्यवसाय फार थोडे होते. हा त्यांतला एक होता.

१८.
या शाळेचे गोडवे गाण्याआधी तिची दुसरी बाजू पाहायला हवी. ती बालमजुरीवर उभी होती. शिव्या, मार, अर्धपोटी झोप, ट्रकच्या टपावर काढलेल्या रात्री, हे त्या शिक्षणाचे शुल्क होते. ज्याला गावातून शिफारस नाही त्याला प्रवेश नव्हता. मुलींसाठी तर दारच नव्हते. शिवाय उस्तादाची परीक्षा कोणी घेतलेली नव्हती. तो जे चुकीचे करी तेही शिष्य तितक्याच निष्ठेने शिके : डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल सोडणे, क्षमतेहून अधिक माल लादणे, झोप मारून सलग रात्री काढणे. अनुभव होता, तो तपासणारा कोणी नव्हता.

१९.
१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी शिक्षणाकडे प्रथमच थोडे लक्ष दिले. हलके वाहन चालवण्याचा किमान एक वर्षाचा परवाना असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळणार नाही, असे ठरले. मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी अभ्यासक्रम आखला गेला. धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी तर खास प्रशिक्षण सक्तीचे झाले आणि त्या चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, अशी अट घातली गेली. टँकरवरचे इशारे वाचता न येणारा माणूस त्या टँकरवर नको, हा विचार रास्त होता. विशेष कौशल्याला विशेष शिक्षण आणि त्याची परवान्यावर नोंद, हे तत्त्व ट्रकचालकासाठी इथे स्पष्टपणे मान्य झाले.

२०.
पण परवाना आणि शिक्षण यांतली दरी बुजली नाही. ज्याला केबिनमध्ये शिकून आधीच चालवता येत होते, त्याच्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला ही परिवहन कार्यालयात जोडायच्या कागदांची एक बाब होती. ज्याला येत नव्हते, त्याला भरलेला अवजड ट्रक घाटात उतरवून दाखवणारी शाळा क्वचितच सापडे. १९९० च्या दशकात वाहन उत्पादक कंपन्यांनी राज्य सरकारांच्या साथीने प्रशिक्षण संस्था काढायला आरंभ केला. अशोक लेलँडची संस्था नामक्कललाच उभी राहिली. पुढे अनेक राज्यांत वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्था निघाल्या, पुण्यातही निघाली. प्रयत्न प्रामाणिक होते. देशाचा पसारा पाहता ते तुरळक होते.

२१.
आणि याच वर्षांत डावीकडची जागा रिकामी होऊ लागली. रस्ते चौपदरी झाले. सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा. पॉवर स्टिअरिंग आले, टायर टिकाऊ झाले, इंजिने वरचेवर बिघडेनाशी झाली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमांवरचे करनाके हटले. क्लीनरची कामे एकेक करून कमी होत गेली आणि भाड्याच्या चढाओढीत त्याचा खर्च मालकाला जड वाटू लागला. तिकडे गावातली मुले शाळेत जाऊ लागली आणि चौदाव्या वर्षी ट्रकवर चढणे थांबू लागले. ही शेवटची गोष्ट निर्विवाद प्रगती आहे. मात्र जुनी शाळा ओसरत असताना तिच्या जागी नवी तितक्या वेगाने उभी राहिली नाही.

२२.
यातला एक तपशील बोलका आहे. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन चालक हवेत आणि मागे एकाला आडवे होता येईल असे आसन हवे, असा १९८९ च्या नियमांतला दंडक होता. व्यवहारात तो फारसा पाळला जात नसे. दुसऱ्या चालकाची जागा क्लीनरच भरून काढी. २०१८ च्या सुधारणांनी ही सक्ती शिथिल झाली. म्हणजे आता कायद्यानेही केबिनमध्ये एकटा माणूस मान्य केला. त्या एकट्या माणसाचे यंत्रही बदलले होते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. इंजिनाचा आजार आता आवाजावरून कमी आणि पडद्यावरच्या खुणांवरून अधिक कळू लागला. उस्तादाचे कान पुरेनासे झाले आणि वाचता येणे हे गाडी राखण्याचाच भाग बनले.

२३.
आठवीची अट काढण्याचा २०१९ चा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा. अनुभवी माणसाला दाखल्याअभावी अडवू नये, हे न्याय्यच होते. मंत्रालयानेही तेव्हा भर दिला तो प्रशिक्षणावर आणि कौशल्याच्या कडक चाचणीवर. १ जुलै २०२१ पासून अधिमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले : अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर आणि सरावाचा खास ट्रॅक. तो उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील चालवण्याच्या चाचणीतून सूट. १९१४ पासून राज्यसंस्था परीक्षा घेत आली होती. आता तिने शिक्षणालाही परीक्षेइतके मोल दिले. हा बदल लहान नाही.

२४.
तरी ३८ तासांचे माप समजून घ्यायचे तर थोडे बाहेर पाहावे लागते. युरोपीय महासंघाच्या २००३ च्या निर्देशाने व्यावसायिक चालकाच्या प्रारंभिक पात्रतेसाठी २८० तासांचे शिक्षण सुचवले. संक्षिप्त मार्गाला १४० तास, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. जर्मनीत ट्रकचालक होण्यासाठी तीन वर्षांची मान्यताप्राप्त उमेदवारीही आहे : काही दिवस वर्गात, उरलेले गाडीवर, हाती विद्यावेतन आणि अखेरीस परीक्षा. उस्तादाच्या शेजारी बसून शिकणे ही मागासलेली पद्धत नव्हती, हे यावरून ध्यानात येते. इतर देशांनी तीच पद्धत घेतली, तिला वयाची मर्यादा, वेतन, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र दिले. भारतात पद्धत होती. तिला हे चार आधार मिळाले नाहीत.

२५.
जे मिळाले ते प्रामुख्याने दंडाच्या भाषेत. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रातही पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. अपघात करून पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी नव्या भारतीय न्याय संहितेतील तरतूद हे त्याचे कारण. थांबलो तर जमाव जीव घेईल आणि पळालो तर कायदा, ही चालकांची कैफियत होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा कलम १०६ चे ते उपकलम स्थगित ठेवण्यात आले. दुसरे पारडेही तितकेच जड आहे : २०२२ या एका वर्षात भारतात सर्व प्रकारच्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. बळी पडलेल्यांना न्याय हवा, यात दुमत नाही. पण अपघातानंतर काय करावे, जखमीला कसे हलवावे, कोणाला कळवावे, हे शिकवण्याची वेळ अपघाताच्या आधीची असते.

२६.
अलीकडच्या काही पावलांची नोंद घेतली पाहिजे. २०२५ पासून नव्या अवजड ट्रकची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. मे महिन्यातल्या विदर्भात इंजिनाशेजारी आठ-दहा तास बसलेल्या माणसासाठी ही चैन नव्हे, सावध राहण्याची अट आहे. वाहन उद्योगाच्या कौशल्य परिषदेने व्यावसायिक चालकाच्या कामाची प्रमाणित पात्रता ठरवली आहे आणि आधीच अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी योजनांतून सुरू झाली. टँकर, लांब ट्रेलर, शीतगृहाच्या गाड्या, खाणीतले डंपर, आखातातली अवजड वाहने, अशा वाटा शिकलेल्या चालकासाठी उघड्या आहेत. त्या वाटांना आता उस्तादाच्या शब्दाबरोबर कागदही लागतो.

२७.
इथे २०१९ च्या त्या दोन वाक्यांकडे परत जाता येते. चालकांची उणीव ही केवळ संख्येची उणीव नाही. जी शिडी क्लीनरला चालक आणि चालकाला मालक करीत होती, तिची खालची पायरी निखळली आहे. पहिली पाच वर्षे कुठे शिकायचे, त्या काळात पोट कसे भरायचे आणि शेवटी काय मिळवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जुन्या केबिनकडे होती. ती क्रूर होती, अपुरी होती, पण उत्तरे होती. सहा आठवड्यांचे केंद्र पहिल्या प्रश्नाच्या एका भागाला हात घालते.

२८.
परवान्याच्या अर्जात नाव, वय, पत्ता, रक्तगट, वाहनाचा प्रकार, प्रशिक्षण केंद्राचा तपशील असे रकाने असतात. चाळिशी ओलांडलेला चालक ते भरतो तेव्हा त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा काळ त्यात कुठेच मावत नाही : पहारीने टायर ठोकण्याची, ताडपत्री बांधण्याची, डावी बाजू राखण्याची ती वर्षे. त्याचा मुलगा आज बहुधा त्या जागेवर बसायला येणार नाही, आणि बापालाही तो तिथे यावा असे वाटत नाही. केबिनमधली ती डावी जागा रिकामीच आहे. तिथे जेवणाचा डबा आणि पाण्याचा कॅन ठेवलेला असतो.